अजिंक्य

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दादा,


बाळाच्या नावाबद्दल तुझ्या सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे. ‘अजिंक्य’ हा संस्कृत शब्दच नाही. तिथे ‘अजेय’ आहे, ‘अजय्य’ आहे. पाणिनी त्यांतही भेद करतो: जिंकण्याजोगं ते जेय आणि जिंकणं शक्य ते जय्य. आपल्या ‘जिंकणे’ला पुढून ‘अ’ आणि मागून ‘य’ जोडून कुणा मराठी माणसाने हा शब्द घडवला. धोतरावर कोट चढवावा तसा. म्हणून काय तो टाकून द्यायचा?

साताऱ्याचं बघ. चार महिन्यांहून जास्त वेढा सोसून 1700 साली किल्ला औरंगजेबाकडे गेला आणि शहजादा आझमच्या नावावरून आझमतारा झाला. ताराबाईंच्या लोकांनी तो परत घेतला, तेव्हा त्याला अजिंक्यतारा म्हणू लागले. म्हणजे हे नाव पडून उठलेल्या किल्ल्याचं आहे. पुढे 1708 मध्ये तो शाहूंनी घेतला, ते वेगळंच!

त्याच आझमचं नाव मोगलांनी आपल्या बेळगावलाही दिलं होतं. आझमनगर ही वस्ती इथे अजून आहे. आपला किल्ला तर कुणी घेतला नाही सांग. रट्ट राजांनी बांधला, मग बहमनींचा महमूद गावान, आदिलशाही, मोगल, पेशवे आणि 1818 साली इंग्रजांचा मन्रो. त्याला अजिंक्य म्हणायला कुणाची जीभ रेटली नसावी. वर्तमानपत्रवाले मात्र हा शब्द चिल्लरीसारखा वाटतात. दर हंगामात नवं अजिंक्यपद!

सीमालढ्याच्या घोषणेत, गंमत म्हणजे, हा शब्द नाही. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ यात फक्त ‘पाहिजे’ आहे. 1956 पासून निपाणी-बेळगावची माणसं हेच म्हणत आली. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आम्हाला कुणी हरवू शकत नाही, असं घोषणेत कुठे म्हटलंय? मला ती घोषणा त्यामुळेच जास्त खरी वाटते.

‘अपराजित’ ठेवा, असं वहिनी म्हणतात. तो मागचा हिशेब झाला, आजवर न हरलेला. आठवड्याच्या पोराचा कसला हिशेब? अजिंक्यच ठेवू. शाळेत त्याचं अज्या होणारच आहे.

कानात नाव मीच सांगणार, तेव्हा बारसं रविवारी धर. शनिवारी आमची सकाळची शाळा असते.

तुझी,
बहीण