द्वारका ते अनुराधपूर : श्रीलंकेतील सतरा दिवस

श्रीलंकेहून परत आल्यापासून विहारात, कचेरीत, द्वारका सर्कलच्या चहाच्या टपरीवर, जो भेटतो तो पहिला प्रश्न एकच विचारतो : "खर्च किती आला?" आपल्या समाजात हा प्रश्न चुकीचा नाही. हातावर पोट असणाऱ्या माणसाने तो आधी विचारलाच पाहिजे. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. आम्ही अकराजण गेलो होतो, सहा भगिनी आणि पाच पुरुष. सतरा दिवसांचा माणशी खर्च ५८ हजार रुपये आला. यात कल्याणहून चेन्नईपर्यंतची रेल्वे, चेन्नई ते कोलंबो विमान, राहणे, जेवण, गाडी, तिकिटे सगळे आले. खरेदी ज्याची त्याने केली.

ही रक्कम कोणी एकदम काढून दिलेली नाही. अडीच वर्षे दरमहा दोन हजार रुपये आम्ही विहारातील एका ताईंकडे जमा करीत होतो. गटात एक निवृत्त सफाई कामगार, एक शिवणकाम करणाऱ्या मावशी, दोन रिक्षाचालक, एक अंगणवाडी सेविका अशी मंडळी होती. "एवढ्या पैशात पोराची फी भरली असती" असे म्हणणारेही भेटले. त्यांना मी एवढेच म्हणतो, की मुलांच्या फीला हात लावून कोणीही जाऊ नये. पण लग्नातल्या डीजेवर आणि हळदीच्या जेवणावळीवर एका रात्रीत लाखभर रुपये उडवणाऱ्याने हा हिशोब आम्हाला मांडून दाखवू नये.

आता श्रीलंकाच का? मे १९५० मध्ये परमपूज्य बाबासाहेब माईसाहेबांसह विमानाने कोलंबोला गेले होते. कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली होती, २७ देशांचे प्रतिनिधी आले होते. बौद्ध धर्म त्या देशात प्रत्यक्ष आचरणात किती जिवंत आहे, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी बाबासाहेब गेले होते. धर्मांतराला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. म्हणजे दीक्षा घेण्यापूर्वी त्यांनी घर बघून घेतले, असे म्हणायला हरकत नाही. आमच्या गटाने ठरवले होते, की आपणही हात जोडून जायचे, पण डोळे उघडे ठेवून.

पासपोर्टचे काम नाशिकमध्येच होते, त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. साधी फी १५०० रुपये. खरा घोळ नावाचा असतो. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, लग्नानंतरचे तिसरे. आमच्या मावशींची तीन कागदांवर तीन नावे निघाली आणि ती जुळवण्यात चार महिने गेले. तेव्हा ज्यांना पुढेमागे जायचे आहे त्यांनी कागद आजच तपासावेत. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असणाऱ्यांनी कार्यालयाची परवानगी लेखी घ्यावी, साहेब तोंडी "जा" म्हणाले तरी. प्रवेशपरवान्याचे, म्हणजे ईटीएचे नियम व फी वारंवार बदलतात. ते श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावे आणि अर्ज स्वतः भरावा. एका एजंटाने आमच्याकडे याच कामाचे दुप्पट पैसे मागितले होते.

चेन्नईहून विमान सव्वा-दीड तासात कोलंबोला उतरते. मुंबईहूनही थेट विमान आहे, पण आम्हाला चेन्नईचा मार्ग स्वस्त पडला. तमिळनाडूतील नागपट्टिणमहून जाफनाजवळच्या कांकेसंतुराई बंदरापर्यंत २०२३ पासून बोटसेवा सुरू झाली आहे, परंतु हवामानामुळे ती बंद-चालू असते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या भरवशावर राहू नये.

उतरल्यावर घड्याळ बदलावे लागत नाही, वेळ आपलीच आहे. आपल्या एका रुपयाला तिथले साधारण साडेतीन रुपये मिळतात. म्हणून तीनशे रुपयांचा भात ऐकून दचकू नये. आणि भाताला तिथे 'बत' म्हणतात! सिंहली भाषा आपल्याच भाषाकुळातली आहे. एक म्हणजे 'एक', गाव म्हणजे 'गम', आभाराला 'स्तुती'. आमच्या अंगणवाडी ताईंनी चार दिवसांत बाजारहाट करण्याएवढी सिंहली जमवली. सकाळी तांदळाच्या शेवयांचे 'इंदिआप्पा' आणि खोबऱ्याची चटणी, दुपारी भात, 'परिप्पू' म्हणजे आपली डाळ आणि दोन-तीन भाज्या. चपाती सहसा मिळत नाही. जे मांसाहार करीत नाहीत त्यांनी चटणीत सुक्या मासळीचा चुरा आहे का, हे आधी विचारावे. खोबऱ्याच्या चटणीतही तो असतो.

कोलंबो ते अनुराधपूर सुमारे दोनशे किलोमीटर. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लंकेत धम्म घेऊन आले. त्यांच्या मागोमाग कन्या संघमित्रा बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन आल्या. तीच फांदी अनुराधपूरला लावली गेली. मूळ बुद्धगयेचा वृक्ष पुढे नष्ट झाला, पुन्हा लावला गेला, पण लंकेतील हा वृक्ष बावीसशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ इतिहासाला माहीत असलेल्या वृक्षांमध्ये तो जगात सर्वांत जुना मानला जातो. अगदी जवळ जाता येत नाही. उंच चौथरा, सोनेरी कठडा, आणि वृद्ध फांद्यांना खालून सोनेरी टेकू दिलेले. आजारी आजोबांना नातवंडांनी धरून बसवावे तसे ते दृश्य दिसते.

आम्ही पहाटे गेलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसे हातात कमळे घेऊन रांगेत. कोणी मोठ्याने बोलत नाही, ढकलत नाही. फुले आपल्या हाताने ठेवायची. मध्ये पुजारी नाही, दक्षिणा नाही. शिवणकामवाल्या मावशी फुले ठेवून बाजूला बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. नंतर म्हणाल्या, "माझा आजा काळारामाच्या सत्याग्रहात होता. दारातनं दगड खाऊन आला. इथं मला कोणी विचारलंबी नाही तू कोण म्हणून." आमच्या नाशिकच्या पंचवटीत २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला तो सत्याग्रह पाच वर्षांहून अधिक चालला आणि दार उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मावशींच्या त्या वाक्यावर आमच्यापैकी कोणालाच काही बोलता आले नाही.

आम्ही त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली तेव्हा शेजारचे लंकन कुटुंबही सोबत म्हणू लागले. पाली तीच, चाल थोडी वेगळी. शेवटी दोन्हीकडून एकदम 'साधु, साधु, साधु' आले. भाषेची अडचण तिथे संपली.

अनुराधपूरला निदान तीन दिवस द्यावेत. दुट्टगामणी राजाचा पांढराशुभ्र रुवनवेली महाथूप, विटांचा डोंगर वाटावा असा जेतवनाराम स्तूप (मूळ उंची चारशे फूट होती), ध्यानस्थ बुद्धाची समाधी मूर्ती, आणि जवळच महेंद्र थेर व देवानंपिय तिस्स राजा यांची भेट झाली तो मिहिंतलेचा डोंगर. त्याला अठराशेच्या वर पायऱ्या आहेत, पण त्या रुंद आणि चढायला सोप्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना वरच्या वाहनतळापर्यंत गाडीने जाता येते. चप्पल बाहेर काढावी लागते आणि दुपारी दगड तव्यासारखा तापतो, म्हणून जाड मोजे जवळ ठेवावेत. टोपी काढावी, गुडघे व खांदे झाकलेले असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अपमान समजला जातो. सेल्फीच्या शौकीन तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. पुरातत्त्वीय स्थळांवर परदेशी माणसाला भारी तिकीट आहे, मात्र सार्क देशांच्या नागरिकांना ते निम्म्या दरात मिळते. त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

पोलोन्नरुवाच्या गल विहारातील महापरिनिर्वाण मूर्तीबद्दल मी काही लिहीत नाही. एकाच खडकात कोरलेली ती छेचाळीस फुटी मूर्ती ज्याची त्याने पाहावी.

आता जे गोड नाही तेही लिहिले पाहिजे. दंबुल्लाच्या लेण्यांत बुद्धमूर्तींच्या रांगेत विष्णूची मूर्ती दिसली आणि आमच्या भगिनी थबकल्या. कँडीला दंतधातू विहाराच्या आवारालगत विष्णू, पत्तिनी यांची देवळे आहेत आणि तेच बौद्ध उपासक तिथेही नारळ-फळे वाहतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. एका रिक्षाचालक बंधूने सरळ विचारले, "मग आपण सोडलं ते यांनी धरलंय का?" प्रश्न रास्त होता. तिथला बौद्ध पिढ्यानपिढ्यांचा बौद्ध आहे. त्याला विष्णूच्या नावाने कोणी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते. आपल्याला हाकलले होते, म्हणून आपल्या प्रतिज्ञा आहेत. आम्ही त्या देवळांत गेलो नाही आणि जाणाऱ्यांशी वादही घातला नाही.

पण दुसरी गोष्ट अधिक बोचली. कँडीत सियाम निकायाची मल्वत्त आणि अस्गिरिय ही दोन मुख्य पीठे आहेत. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या भिक्खूंनी लंकेत उपसंपदा पुन्हा सुरू केली, आणि थोड्याच काळात ती केवळ गोविगम या उच्च मानल्या जाणाऱ्या शेतकरी जातीपुरती राखली गेली. इतर जातींच्या श्रामणेरांना समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जावे लागले. तिथे अमरपूरला दीक्षा घेऊन ते १८०३ मध्ये परतले, त्यातून अमरपूर निकाय निघाला. पुढे १८६४ मध्ये रामञ्ञ निकाय झाला. हे मी पुस्तकात वाचले होते. पण आमच्या गटाला ते नवीन होते, आणि ऐकून दोघीजणी रडवेल्या झाल्या.

कँडीत एक तरुण भिक्खू भेटले. पुण्यात राहून पाली शिकलेले, मोडके हिंदी बोलणारे, आणि आम्हाला पाहताच हसून 'जयभीम' म्हणणारे. सफाई कामगार बाबांनी त्यांना विचारले, "भन्तेजी, तुमच्या संघात जात बघतात हे खरं?" ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, विनयात जात नाही, आमच्या माणसांत आहे. उत्तर टाळले असते तरी चालले असते, त्यांनी टाळले नाही. बाबांनी त्यांना वंदन केले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मग बाबासाहेब बघून आले ते बरं केलं. म्हणून आपल्याला नागपुरात साधी, सरळ दीक्षा मिळाली." १९५० मध्ये कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये बाबासाहेबांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहन केले होते. तिथल्या बौद्धांनी त्यांना पित्याच्या मायेने सामावून घ्यावे, असेही ते म्हणाले होते. त्या आवाहनाचे काय झाले याचे उत्तर चहाच्या मळ्यांत दिसते. कँडीवरून रेल्वे वर चढते तसे ओळीने बांधलेल्या एकेका खोलीची घरे लागतात. त्यांना 'लाईन' म्हणतात. इंग्रजांनी तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांची ती वस्ती, त्यांत दलित जातींचे लोक फार. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील लाखो माणसे बिनदेशाची झाली, आणि उरलेल्यांना नागरिकत्व मिळायला २००३ चा कायदा यावा लागला. पाठीवर पाटी घेतलेल्या त्या बाया पाहून आमच्या मावशींना त्यांच्याशी बोलायचे होते, पण गाडी थांबली नाही.

भिक्खुणी संघाबद्दलही सांगितले पाहिजे. संघमित्रेने सुरू केलेला तो संघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला. १९९६ मध्ये आपल्या सारनाथला लंकेतील काही स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली आणि १९९८ पासून दंबुल्लात ती देणे सुरू झाले. तिथल्या सर्व थेरांना ते अजून मान्य नाही. दंबुल्लात एका भिक्खुणींनी आमच्या भगिनींना धम्मदेसना दिली. दुभाषी आमच्या गाडीचा चालक होता, कमी समजले तरी सहाही जणी शेवटपर्यंत बसल्या.

या चालकाने २०२२ सालचे हाल सांगितले. डिझेलसाठी दोन-दोन दिवस रांग, घरात गॅस नाही. आता सावरले आहे, पण भाव उतरलेले नाहीत. गाडी ठरवताना फार घासाघीस करू नये असे माझे मत आहे.

काही किरकोळ सूचना. बसमध्ये पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव असते. भगिनींनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही असे अंतर ठेवावे. पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, सार्वजनिक सुट्टी असते, दारू-मांस विकत नाहीत आणि गर्दी प्रचंड. श्रद्धेने जाणाऱ्याने पोया धरावा, लहान मुले सोबत असणाऱ्याने टाळावा. मोबाईलच्या चार्जरला तीन चौकोनी पिनांचा जोड न्यावा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या चिठ्ठीसह पूर्ण दिवसांच्या घ्याव्यात. डासांचे मलम विसरू नये. अनुराधपूरला यात्रेकरूंसाठी विश्रामशाळा आहेत, हॉटेलच्या निम्म्या खर्चात काम होते.

येताना बोधिवृक्षाचे रोप वा फांदी आणण्याचा मोह अनेकांना होतो. ते करू नये, परवान्याशिवाय झाडे विमानतळावर काढून घेतात. त्याची गरजही नाही. अनुराधपूरच्या वृक्षाची फांदी २४ ऑक्टोबर २०२३ रोजी, विजयादशमीला, आपल्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी बुद्धस्मारकात लावली गेली आहे. द्वारकेवरून मुंबई महामार्गाने तिथे रिक्षाने अर्ध्या तासात पोहोचता येते.