जवळचे क्षितिज

साधन अपुरे पडले की माणूस प्रथम साधनालाच नावे ठेवतो. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. परंतु कधी कधी अंगण खरोखरच लहान असते. अशा वेळी नाचणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न थोरामोठ्यांना पडतो, तसाच तो बारा वर्षांच्या एका मुलालाही पडला.

त्याच्याजवळ एक जुना लॅपटॉप होता. थोरल्या बहिणीने तो महाविद्यालयात असताना वापरला आणि नोकरी लागल्यावर धाकट्या भावाच्या स्वाधीन केला. त्याची मेमरी अवघी ४ जीबी. पडद्यावरील चित्रे रेखाटण्यासाठी मोठ्या यंत्रांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते. येथे ते नव्हते. ते काम प्रोसेसरच्याच एका लहानशा भागाकडे होते आणि त्यालाही आपला वाटा त्या ४ जीबीतूनच घ्यावा लागे. अभ्यासाची कामे हा जुना गडी निमूटपणे करी. मात्र संध्याकाळी 'माइनक्राफ्ट' सुरू झाला की त्याची दमछाक होई.

स्वीडनमध्ये जन्मलेला आणि २०११ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध झालेला हा खेळ म्हणजे ठोकळ्यांची एक अफाट सृष्टीच होय. त्या सृष्टीत चौघे मित्र मिळून एका कड्यावर किल्ला बांधीत होते. परंतु या मुलाच्या पडद्यावरचे चित्र मधेच थबके आणि ते पुन्हा हलेपर्यंत तो कड्यावरून खाली कोसळलेला असे. असे चार-पाच वेळा घडल्यावर एक मित्र म्हणाला, "तू खालीच थांब. वरचं आम्ही बांधतो." बोलण्यात राग नव्हता, पण मुलाच्या ते फार जिव्हारी लागले.

त्या रात्री त्याने वडिलांजवळ नव्या लॅपटॉपचा हट्ट धरला. वडील काही बोलले नाहीत. निजानीज झाल्यावर मात्र ते एका कागदावर बराच वेळ आकडे मांडीत बसले होते. सकाळी तो कागद टेबलावर मुलाच्या दृष्टीस पडला. घरभाडे, किराणा, आजीचे औषध, शाळेची फी. शेवटी एक लहानशी बाकी उरली होती आणि तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. मुलाने पुन्हा हट्ट केला नाही.

रविवारी तो बहिणीजवळ गेला. "ताई, हा लॅपटॉप अगदीच टाकाऊ झाला का गं?"

"तो टाकाऊ आहे की त्याच्यावर ओझं जास्त आहे, ते आधी पाहू," ती म्हणाली. "पण एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे गुण कशाचा ते कळेल."

एफ ३ ही कळ दाबली की सेकंदाला किती चित्रे उमटतात, हे या खेळात दिसते. तेथे ११ हा आकडा होता. हालचाल सलग भासण्यासाठी सेकंदाला साठ चित्रे मिळाली तर उत्तम. म्हणजे एक चित्र पुरे करण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम सतरा भाग मिळतात. एवढ्या अवधीत यंत्राला प्रत्येक ठोकळा, पान आणि ढग यांचा हिशेब करावा लागतो.

प्रथम त्यांनी मागे उघडे राहिलेले इतर प्रोग्रॅम बंद केले. मग ताईचे लक्ष लॅपटॉपच्या जागेकडे गेले. तो गादीवर, गोधडीच्या मऊ घडीत ठेवलेला होता. "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तू तर यालाच अंथरुणावर झोपवलंस!" ती हसून म्हणाली. गोधडीमुळे यंत्राच्या वाऱ्याच्या फटी बुजतात, आतली उष्णता कोंडते आणि प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. त्यांनी तो बंद केला, मऊ ब्रशने फटींतली धूळ झाडली आणि लाकडी टेबलावर ठेवला. आकडा १६ वर गेला.

त्यानंतर आली दृष्टीची मर्यादा. खेळाडूला किती दूरवरचे दिसावे, हे या खेळात ठरवता येते. सोळा ठोकळे लांब आणि सोळा ठोकळे रुंद असा जमिनीचा एक तुकडा. मुलाने चारी दिशांना असे बारा तुकडे दिसावेत, अशी योजना केली होती. ताईने त्याला कागद आणायला सांगितले. टेबलावरचा तोच कागद त्याने उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. बारा इकडे, बारा तिकडे आणि पायाखालचा एक, असे पंचवीस. चौरस धरला तर २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ तुकडे. अंतर सहावर आणले तर १३ गुणिले १३, म्हणजे केवळ १६९. दृष्टी निम्मी होताच ओझे जवळजवळ चौथाईवर आले! बदल करताच आकडा ३८ झाला.

परंतु मुलाचा चेहरा उतरला. दूरचे डोंगर धुक्यात नाहीसे झाले होते.

तेव्हा ताईने त्याला एक जुनी हकिगत सांगितली. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला. त्यांच्या यंत्राची शक्ती इतकी तोकडी होती की पडद्यावरील शत्रूंची सारी फौज हलवताना ते मंदावे. शत्रू मरू लागले की काम हलके होई आणि उरलेले शत्रू वेगाने चालून येत. निशिकादो यांनी ही उणीव झाकली नाही. तिलाच खेळाची रंगत बनवले. शेवटचा शत्रू सर्वांत चपळ ठरला.

नवे यंत्र जे करू शकेल ते सर्व या जुन्या लॅपटॉपला साधणार नव्हते. काही खेळ त्यावर कधीच चालणार नव्हते, हेही ताईने त्याला स्पष्ट सांगितले. पण त्या संध्याकाळी मुलगा कड्यावर चढला आणि पडला नाही. बुरुजाचा वरचा थर त्याने रचला. इतक्यात मित्राचा आवाज आला, "पलीकडचा बर्फाचा डोंगर बघितलास का?"

"इथून दिसत नाही," मुलगा म्हणाला, "पण तो आहे ना? मग चालत जाऊ."