शह, वेसण आणि एक इंग्रजी शब्द

प्रथमोपचाराची ती पुस्तिका जेमतेम सोळा पानांची होती. भाषांतराचं माझं तिसरं की चौथं काम. त्यात एक ओळ होती, 'चेक द ब्लीडिंग'. मी लिहिलं, 'रक्तस्राव तपासा'. प्रूफ वाचायला एका निवृत्त परिचारिकाबाईंकडे गेलं. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि मला फोन केला. "अहो ताई, रक्त वाहतंय आणि तुम्ही माणसाला बघत बसायला सांगताय? थांबवायचं असतं ते. स्वच्छ फडकं घ्यायचं आणि दाबून धरायचं."

पुस्तिका तशीच छापून गावोगाव गेली असती तर, या विचारानं त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून 'चेक' दिसला की हात थबकतो.

हा शब्द मुळात बुद्धिबळाच्या पटावरचा. फारसीतला 'शाह' अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशी वळणं घेत इंग्रजीत पोचला आणि 'चेक' झाला. पटावर राजाला कोणी मारत नाही. तुझ्यावर जोर आहे, एवढंच बजावतं. मग मनातली खेळी बाजूला ठेवून आधी त्या धोक्याचं निवारण करावं लागतं. रोखणं, आवरणं हे अर्थ इथून आले. पटाच्या घरांवरून चौकड्यांच्या कापडालाही तेच नाव मिळालं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेब अशाच चौकड्यांच्या कापडावर सोंगट्या सरकवून होत, म्हणून तिथल्या खजिन्याला 'एक्स्चेकर' म्हणू लागले.

पण रोखणं आणि तपासणं एकाच शब्दात कसं नांदतं, हे मला कोशात नाही, मुलुंडच्या जकातनाक्यावर उमगलं. तिथली जकात २०१७ साली जीएसटी आल्यावर गेली, तरी लोक आजही 'चेकनाक्याला उतरायचंय' म्हणतात. नाक्यावर ट्रक आधी थांबायचा, मग त्यातला माल बघायचे. थांबवल्याशिवाय बघता येत नाही. माझ्या पुस्तिकेत मात्र थांबवणं हेच काम होतं, आणि मी नेमकं तेच गाळलं होतं.

मराठीतला 'शह' त्याच घरातला. पण आपल्याकडे तो लढाईतच राहिला. शह-काटशह म्हटलं की राजकारण डोळ्यांसमोर येतं. 'मात' तेवढी पटाबाहेर पडून दवाखान्यापर्यंत गेली. आजारावर मात केली, असं आपण सहज म्हणतो. आवरायचे शब्द आपण गोठ्यातून आणि पागेतून आणले. वेसण, लगाम, पायबंद, जेरबंद. वेसण बैलाच्या नाकातली. ती हातात धरली की बैल चालतो, पण आपल्या मर्जीनं. लगामाचा घोडा धावतो. पायबंद घातलेला घोडा जागचा हलत नाही. जेरबंद हा खरं तर घोड्यानं मान वर उधळू नये म्हणून पोटाखालून लावायचा पट्टा. तो लावलेला घोडाही चालत असतो. वर्तमानपत्रातला जेरबंद बिबट्या मात्र थेट पिंजऱ्यात दिसतो.

म्हणून 'चेक' आला की मी आधी विचारते, ज्याला रोखलं तो पुढे चालणार आहे का? महागाई चालूच राहणार, तिला वेसण. साथ थांबायलाच हवी, तिला अटकाव. अवघड होतं ते राज्यघटनेच्या लेखात. अमेरिकेच्या घटनाकारांपैकी मॅडिसननं १७८८ साली 'फेडरलिस्ट' या लेखमालेच्या ५१व्या लेखात मांडलं की सत्तेच्या प्रत्येक अंगाला दुसऱ्या अंगाची चढाई थोपवायची साधनं हवीत. ही 'चेक्स अँड बॅलन्सेस'ची कल्पना मराठीत 'नियंत्रण आणि समतोल' म्हणून रुळली आहे. मला ते पटत नाही. नियंत्रण वरचा खालच्यावर ठेवतो. इथे तर बरोबरीचे एकमेकांना थोपवतात. 'शह' अर्थानं किती जवळ! पण त्याला मराठीत डावपेचांचा वास येतो. शेवटी 'परस्परांवर अंकुश' लिहिलं. अंकुशही माहुताच्याच हातातला, तो वर बसलेला असतो, ही बोच आहेच. 'परस्परांवर' या शब्दानं ती थोडी बोथट होते, इतकंच.

सध्या टेबलावर एक कादंबरी आहे. मुलगा घर सोडून निघालाय, आई दारात उभी आहे. ओळ तीनच शब्दांची, 'शी चेक्ड हरसेल्फ'. 'तिनं स्वतःला रोखलं' लिहिलं आणि खोडलं. त्यात झटापट दिसते. 'तिनं स्वतःला सावरलं' म्हणावं तर ती कोसळत होती असं वाटतं. 'तिनं मन आवरलं' तीन दिवस कागदावर होतं, तेही जड झालं. काल संध्याकाळी सगळं पान मोठ्यानं वाचलं. त्या जागी आले तेव्हा माझाच श्वास किंचित अडला. मग लिहिलं, 'ती बोलणार होती. बोलली नाही.'