आज परवा हाय ना?

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की आमच्या कळंब तालुक्यातल्या वस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. पातेली, अंथरुणं, पिठाचे डबे, कोयते असं सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं आणि टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. मागे उरतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि लेकरं. आम्ही दोघं नवरा-बायको त्या उरलेल्यांपैकीच. मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात, नात आणि नातू आमच्यापाशी राहतात.

शेजारीपाजारी म्हणतात, "उतारवयात कशाला हा व्याप? जरा बसून खावं की." खरं सांगायचं तर हा व्याप नसता तर आम्ही केव्हाच वाळून गेलो असतो. पहाटे नातू उठतो तो थेट शेळीपाशी जातो आणि तिला रात्रीचं स्वप्न सांगतो. शेळी कान हलवते. त्याला वाटतं, तिला सगळं पटलं. नात भिंतीवर खडूनं उजळणी लिहिते आणि आम्हा दोघांना विद्यार्थी करून समोर बसवते. म्हातारीला सही तिनंच शिकवली. बँकेत पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली, त्या दिवशी आम्ही येताना पावशेर जिलबी आणली.

हे सुख आम्हाला आमच्या मुलाच्या वेळी मिळालं नाही. आम्ही दोघांनी मिळून बावीस हंगाम कोयता चालवला. पहाटे अंधारात उठून फडात जायचं, मुलगा कोपीत झोपलेला. रात्री गाडी भरून यायचं, तेव्हाही तो झोपलेला. तो चालायला कधी लागला, पहिला शब्द कोणता बोलला, आम्हाला आठवत नाही. आम्ही पाहिलंच नाही. चौथीनंतर त्याची शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी कोयता हातात आला. म्हणून आता नातवंडांकडे पाहताना आम्ही दोन पिढ्यांचं बालपण एकदम पाहतो.

गेल्या वर्षी धाकटा पहिल्यांदाच आईला सोडून आमच्याजवळ राहिला. त्याआधी तो लहान म्हणून सोबत जायचा. ट्रॉली हलली आणि त्यानं जो आकांत मांडला, तो ऐकवेना. त्याला गप्प करायला आम्ही बोलून गेलो, "रडू नको राजा, आई परवा येणार हाय." तो गप्प झाला. आम्हालाही बरं वाटलं. लेकरू दोन दिवसांत विसरेल, असा आमचा हिशेब.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरात दिसेना. अंगणवाडीत नाही, विहारापाशी नाही, शेळीजवळही नाही. उसाच्या गाड्यांचे दिवस, रस्त्यावर सारखी वर्दळ. आमच्या पायातलं बळच गेलं. अर्ध्या तासानं तो फाट्यावर सापडला. एस.टी. थांबते तिथल्या लिंबाखाली दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. दप्तरात त्याचा एक शर्ट आणि फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकरी. भाकरी आईसाठी. आम्हाला पाहून त्यानं हसून विचारलं, "आबा, आज परवा हाय ना?"

आम्ही काय उत्तर देणार? त्यानं आमच्या शब्दावर विश्वास ठेवून दिवस मोजले होते. विसरलो होतो ते आम्ही.

वर्षावासात विहारात भगवान बुद्ध आणि राहुल यांची गोष्ट आम्ही अनेकदा ऐकली आहे. भगवंत लेकाला भेटायला आले. राहुलनं आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडंसं पाणी राखलं आणि ते राहुलला दाखवलं. जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रामण्य एवढंच थोडं. मग ते पाणी फेकलं, भांडं पालथं घातलं आणि शेवटी रिकामं भांडं दाखवून तेच समजावलं. आमच्या भागात टँकरच्या पाण्याची घागर भरायला रांग लावलेल्या माणसाला पालथ्या भांड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ही गोष्ट लेकरांना शिकवायची आहे, असंच आम्ही समजत होतो. फाट्यावरच्या लिंबाखाली कळलं, पालथं भांडं आमच्याच हातात होतं.

त्या रात्री आम्ही दोघांनाही जवळ बसवलं आणि खरं ते सांगितलं. आई परवा येणार नाही. कारखान्याचा पट्टा पडला की येईल, म्हणजे सुमारे पाच महिन्यांनी. धाकटा रडला, पण पहिल्या दिवसासारखा नाही. थोरलीनं कोळसा घेतला आणि भिंतीवर एक रेघ ओढली. रोज रात्री एक रेघ, दहा झाल्या की आडवी काट. त्या रेघांवर नातू शंभरापर्यंत मोजायला शिकला. खऱ्याला रडू येतं, पण खऱ्यावर मोजता येतं, हे आम्हाला त्या भिंतीनं शिकवलं.

थोरलीचं गणित पुढे गेलं. फोन आला की ती आईला विचारायची, आज किती टन झाला? कधी दीड, कधी दोन. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला, हे तिनं बापाकडून ऐकलं होतं. तिनं वहीत मांडलं: रोज दोन टन धरले तर ७३२ रुपये. उचल एक लाखाची. ती फिटायला १३७ दिवस. वही मिटून ती म्हणाली, "आजी, एकशे सदतीस दिवस उचलीचे झाले. मग खायचं कोणत्या दिवसाचं?" बावीस हंगामांत हा प्रश्न आम्ही मुकादमाला कधी विचारला नाही. आम्ही अंगठा दिला आणि गाडीत बसलो.

यंदा हंगामाच्या तोंडावर घरात नवा प्रश्न उभा राहिला. सुनेच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ. मुलगा म्हणाला, "पोरगी आता दहाची झाली. तिला संगं नेतो. बाळ सांभाळंल, भाकरी टाकंल." आम्ही काही बोललो नाही. खरं तर आम्हालाही ते रीतसर वाटलं. आमच्या वेळी असंच चालायचं. थोरली उठली, वही घेऊन आली आणि बापासमोर वाचून दाखवली. शेवटी म्हणाली, "बाबा, मी आले तर माझा पन हिशेब असाच व्हईल."

मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग सूनच बोलली, "बाळ मी बघते. तिला शाळेतच राहू द्या." मुलगा उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

याच जिल्ह्यात कसबे तडवळे इथं फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांनी महार-मांग वतनदार परिषद घेतली. वतनाच्या बेडीविरुद्ध त्यांनी १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. बापाचं राबणं लेकाच्या गळ्यात पडतं, ते वतन. कागदावरचं वतन गेलं. पण कोयता जर आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून नातीकडे जाणार असेल, तर त्याला दुसरं काय म्हणावं? सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानं दिला आहे. तो घरात कोणीतरी धरून ठेवावा लागतो. आमच्या घरात तो लेकरानंच धरला. ज्यांच्या घरी सांभाळायला आजी-आजोबा नाहीत, त्यांनी टोळी निघण्याआधी शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाची चौकशी जरूर करावी.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बाळ फडाच्या कडेला लुगड्याच्या झोळीत झोपतं. सुनेचं अर्धं लक्ष तिकडे, म्हणून टन कमी भरतो. पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. पण आता त्याचं उत्तर वहीत लिहिलेलं आहे.

भिंतीवर नव्या रेघा सुरू झाल्या आहेत. नातू पहिलीत गेला, आता रेघ तोच ओढतो. रोज रात्री कोळसा हातात घेऊन विचारतो, "आबा, आज कितवा?" आम्ही आकडा सांगतो. खरा आकडा.