चोर्ल्याच्या वाटेवरील तेलाची पारख

डिसेंबर जवळ आला की बेळगाव-खानापूर भागातील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना जुन्या गोव्याचे वेध लागतात. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांनी देह ठेवला आणि आज त्यांचे पवित्र अवशेष बॉम जेझू बासिलिकेत विसावले आहेत. तेथे जाण्याची आपली एक वाट जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट अशी आहे.

जांबोटी मागे पडली की रान दाट होते, हवेत गारवा येतो. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते. याच खानापूर तालुक्याच्या डोंगरांतून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते आणि मांडवी होऊन जुन्या गोव्यावरून सागरास भेटते. पुढे घाटाची वळणे सुरू होतात. म्हणून कणकुंबीस थोडे थांबावे, लेकरांना पाणी पाजावे आणि मोटारीचीही विचारपूस करावी.

गतवर्षी एका कुटुंबासमवेत मी या वाटेने गेलो होतो. मोटार घरातील तरुण चालवीत होता. मागे त्याची वृद्ध आजी आणि दोन लहान मुले. इंजिन ऑईल पाहिले का, असे विचारताच तो म्हणाला, “तांबडा दिवा कुठे लागलाय, फादर?”

पुष्कळांची हीच समजूत असते. तो दिवा तेलाची पातळी सांगत नाही; तेलाचा दाब घसरला म्हणजे तो पेटतो. तोवर इंजिनाची झीज सुरू झालेली असू शकते. तेल कमी असता घाटाच्या वळणावर ते एका बाजूस सरकते, पंपाच्या तोंडाशी पोहोचत नाही आणि लोखंडावर लोखंड घासू लागते. चालत्या मोटारीत तो दिवा लागलाच, तर सुरक्षित जागा पाहून इंजिन तत्काळ बंद करावे.

आम्ही सपाट जागा पाहिली, कारण उतारावर पातळी खोटी दिसते. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबलो, म्हणजे वर चढलेले तेल खाली उतरते. मग बॉनेट उघडून त्याने तेल मोजण्याची पट्टी काढली, स्वच्छ फडक्याने पुसली, पुन्हा पूर्ण आत घातली व बाहेर काढली. तेल खालच्या खुणेलाच टेकले होते.

बहुतेक मोटारींत दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते. सुदैवाने मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचा डबा त्याच्याजवळ होता. नरसाळ्याने थोडे थोडे ओतून, मधूनमधून पट्टी पाहून, त्याने पातळी दोन खुणांच्या वरच्या भागात आणली. वरच्या खुणेपलीकडे तेल नको; फिरत्या दांड्याने ते घुसळले जाऊन फेसाळते, आणि फेसाने वंगणाचे काम होत नाही. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. परंतु दुधाळ दिसल्यास पाणी मिसळल्याची शंका घ्यावी आणि कारागिरास दाखवावे. पातळी वारंवार उतरत असेल, तर गळती शोधलीच पाहिजे.

शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिवे दहाजणींजवळ होते. भेद होता तो जवळ बाळगलेल्या तेलाचा, आणि तो उघडकीस आला मध्यरात्री. अंतरीची तूट वेळेवर पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. ती आजी मात्र तेवढ्या वेळात जपमाळेचे दोन दशक म्हणून मोकळी झाली होती!

परतीच्या वाटेवर केरीहून घाट चढताना इंजिनावर भार अधिक पडतो. म्हणून जुन्या गोव्यात मिस्सा ऐकून, मेणबत्ती लावून घरी निघण्यापूर्वी ती पट्टी पुन्हा एकदा अवश्य पाहावी.