भिजलेला दोर

जुन्या मोंढ्यात ज्यांची हयात गेली, त्यांना दोर कसा निवडावा हे कोणी शिकवावे, ही कल्पना बाबूजींना मानवणारी नव्हती. छत्रपती संभाजीनगरच्या धान्यबाजारात त्यांच्या वडिलांची आडत होती, पुढे ती त्यांनी चालविली. सुतळी, काथ्या, अंबाडीचे चऱ्हाट यांतला फरक ते डोळे मिटून केवळ बोटांनी सांगत. म्हणूनच पुण्याला अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने पावसाळी सुटीत म्हैसमाळच्या पायथ्याशी, मित्राच्या शेतात, झाडांना कापडी झोळी बांधून दोन रात्री राहण्याचा बेत सांगितला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "वरची ताडपत्री कशाने ताणणार?"

नातवाने पॅराशूट-दोराचे वेटोळे पुढे केले. बाबूजींचा हात थबकला. "पॅराशूटचा म्हणजे रेशमाचा का?" ज्या घरात रेशीम कटाक्षाने वर्ज्य, तिथे ही शंका रास्तच होती, एके काळी पॅराशूट खरोखर रेशमाचीच असत. नातवाने खुलासा केला की हे नायलॉन आहे. 1935 मध्ये अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करॉदर्स यांनी ते तयार केले आणि दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटमधील रेशमाची जागा त्याने घेतली. वरून विणलेली खोळ, आत सात दोऱ्या. जाडी चार मिलिमीटरच्या आसपास, पण सुमारे 250 किलोचा ताण सोसण्याची ताकद.

तरीही दोघे मोंढ्यातल्या ओळखीच्या दुकानी गेले. तिथे पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त रंगीत दोर होता आणि पॉलिएस्टरचा विणीव दोरही. दुकानदाराने पेल्यात पाणी मागवून प्रत्येकाचा तुकडा दाबून बुडविला. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, ते वर आले. नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाशी गेले. तरंगणारा दोर विहिरीवर कामाचा, पण उन्हात लवकर कुजतो, म्हणून तो बाजूला पडला. मग काडी ओढून टोके जाळून पाहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो; हे नवे धागे मात्र वितळून पीळ-बीळ सारे विसरतात आणि मण्यासारखी गाठ होऊन बसतात. अर्थात त्यामुळेच त्यांची टोके उसवत नाहीत.

नायलॉन की पॉलिएस्टर, एवढाच प्रश्न उरला. त्याचा निकाल घरच्या गॅलरीत लागला. नातवाने दोन्हींचे सहा-सहा फुटांचे तुकडे टांगले, खाली पाण्याने भरलेल्या सारख्या बादल्या अडकविल्या आणि दोर ओले केले. सकाळी पॉलिएस्टरची बादली जवळजवळ होती तिथेच होती. नायलॉनची चार बोटे खाली उतरली होती.

बाबूजी त्या बादलीकडे बराच वेळ पाहत राहिले.

अंबाडीचा किंवा तागाचा दोर भिजला की फुगतो, आणि पिळामुळे जाडी वाढली की लांबी घटते. म्हणून पाऊस दिसताच ताडपत्रीचे दोर थोडे ढिले करावेत, नाहीतर कड्या उपटतात. हा मोंढ्याचा जुना नियम. चाळीसेक वर्षांपूर्वी फाल्गुनातल्या एका अवकाळी रात्री त्यांनी हमालाला हाच हुकूम केला होता. फरक इतकाच की त्या दिवशी ताडपत्रीला नवा, चकचकीत नायलॉनचा दोर होता, आणि तो बाबूजींनीच हौसेने आणलेला. आधी ढिला केलेला दोर भिजून आणखी लांबला, ताडपत्रीला मधोमध खोळ पडली. एक चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साचले तरी ते 50 किलो होते. पहाटे शिवण फाटली आणि एका शेतकऱ्याची तूर भिजली. बाबूजींनी शेतकऱ्याला पूर्ण भाव दिला; या सचोटीचे मोंढ्यात कौतुकही झाले. पण गाठ कच्ची मारली म्हणून हमालाला त्यांनी चारचौघांत बोल लावला आणि काम बंद केले.

गाठ पक्कीच होती.

दुपारी त्यांनी मोंढ्यात चौकशी केली. तो हमाल हयात होता, शहागंजाजवळ मुलाकडे राहत होता. बाबूजी नातवाला घेऊन गेले, खाटेच्या कडेला बसले आणि बादलीची हकिकत सांगितली. पर्युषण अजून लांब होते. क्षमा मागायला त्यांनी तिथीची वाट पाहिली नाही.

म्हातारा हसला. "मालक, मला त्याच रात्री समजलं होतं. तो दोर हाताला रबरासारखा लागत होता. पण मला कुणी विचारलंच नाही."

मग त्याने नातवाकडे पाहिले. "कशाला बांधणार? लिंबाला?" झोळीसाठी दोन बोटे रुंद पट्टा घे, असे त्याने बजावले, बारीक दोर सालीत रुततो, आणि झाडाचा जीव सालीखालीच असतो. नातवानेही आपले शास्त्र सांगितले : झोळी फार ताठ बांधू नये. पट्टा जमिनीच्या रेषेशी 30 अंशांत असेल तर 80 किलोच्या माणसाचा ताण प्रत्येक बाजूला 80 किलोच येतो. 10 अंशांवर आणला तर तो सुमारे 230 किलो होतो. म्हाताऱ्याने मान डोलविली. "हिशेब माहीत नव्हता. पण ताठ बांधलेला पाळणा तुटतो, हे ठाऊक होतं."

नातवाने तीन मिलिमीटरचा पॉलिएस्टरचा दोर पिशवीतून काढला. थरथरत्या बोटांनी त्याने सरकती गाठ दाखविली, जी ओढली की दोर ताणते आणि सोडली की तिथेच धरून राहते. तीन वेळा स्वतः मारली, तीन वेळा मुलाकडून मारून घेतली. बाबूजी शेजारी बसून पाहत होते. चौथ्या वेळी त्यांनीही हात पुढे केला.

म्हैसमाळला दोन्ही रात्री पाऊस झाला. सूर्य मावळण्याआधी जेवण उरकून, ताडपत्री ताणून मुले झोळीत शिरत. ती गाठ पुन्हा बांधावी लागली नाही.