गाडीचे नाक

"बाबा, हिचा श्वास कोंडतोय. हिला नवं नाक बसवायला हवं," असे म्हणत मुलाने मोबाइलवरचे चित्र वडिलांपुढे धरले. चकचकीत ॲल्युमिनियमची लांब नळी आणि तिच्या टोकाला शंकूसारखा लाल फिल्टर. कोल्ड एअर इन्टेक!

वडिलांनी चष्मा वर केला, किंमत पाहिली आणि चष्मा परत खाली आणला.

"आणि जुन्या नाकाचं काय झालं?"

गाडी जुनी घेतलेली, बाराशे सीसीची, पेट्रोलवर चालणारी. कर्जाचा हप्ता मुलगाच भरतो. गाडी घेतली ती मात्र आजीसाठी. आठवड्यातून दोनदा तिला कालिन्याहून अंधेरी पश्चिमेला डायलिसिससाठी न्यावे लागते. पाऊस असो, बंद असो, रक्त शुद्ध करण्याचे काम उद्यावर ढकलता येत नाही. त्यामुळे या घरात गाडीला काही करायचे म्हटले की सगळ्यांचेच कान टवकारतात.

मुलाचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. हवा थंड असेल तर ती दाट असते आणि तिच्यात प्राणवायू जास्त असतो. म्हणून ही नळी तापलेल्या इंजिनापासून दूर, थेट पुढच्या बंपरच्या आत उतरते आणि तिथली गार हवा ओढते. सिद्धांत बरोबर. पण कंपनीने दिलेला डबाही काही इंजिनाची वाफ खात नसतो. त्याचे तोंडसुद्धा बहुतेक गाड्यांत पुढे, बाहेरच्या हवेकडेच असते. शहरातल्या रहदारीत नव्या नळीने हाती लागतो तो मुख्यतः आवाज. पोरांना तो आवडतो, हेही खरेच.

हा वाद जेवणाच्या टेबलावर दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी आईने शिवणाच्या डब्यातली टेप काढली.

"चल खाली. मला दाखव, हे तुझं नवं नाक येणार कुठे?"

मुलाने बोनेट उघडले. जुन्या डब्याचे तोंड रेडिएटरच्या वरच्या अंगाला होते. आईने जमिनीपासून टेप लावली. सत्तावीस इंच. मग मुलाने बंपरच्या आतली नव्या फिल्टरची जागा दाखवली. ती निघाली दहा इंचांवर. आईने टेप तशीच स्वतःच्या पायाला लावली. दहा इंच म्हणजे पोटरी. गुडघासुद्धा नाही.

"अंधेरीच्या सबवेत पाणी किती भरतं रे?"

मुलगा काही बोलला नाही. मुंबईत पाणी फुटात कोण मोजतो? घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, हीच आपली मापे. आणि या हिशेबात नवे नाक गुडघाभर पाण्यात पूर्ण बुडणार होते.

तरी त्याने हार मानली नाही. फिल्टरवर चढवायचे पाणीरोधक कापडी आवरण मिळते, असे त्याने सांगितले. नळीतच बसवायची एक झडपही मिळते. पुढून पाणी आले तर ती मधेच उघडते आणि इंजिन वरची हवा घेते. रविवारी बापलेक त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री जुना माणूस. त्याने फळीवरून दोन कनेक्टिंग रॉड काढून समोर ठेवले. एक सरळ, दुसरा काकडीसारखा वाकलेला.

"हा कशानं वाकला असेल, दादा?"

"अपघात?"

"दोन चमचे पाणी."

मुलाला ते खरे वाटेना, तेव्हा मिस्त्रीने हिशेबच मांडला. बाराशे सीसीचे चार सिलिंडर, म्हणजे एकेकात तीनशे. पिस्टन पूर्ण वर आला की वर जागा उरते ती साधारण तेहेतीस सीसी. पोह्यांवर खोबरे पसरायचा मोठा चमचा घेतला तर दोन-सव्वादोन चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्या जागेत मावणार नाही एवढे पाणी शिरले की पिस्टन वर जाताना अडतो, आणि मागून जोर येत असल्यामुळे रॉड वाकतो. कधी तो मोडून इंजिनाचा ब्लॉकच फोडतो. डिझेल गाडीत तर ती जागा आणखी लहान.

"पाऊस अंगावर पडून काही होत नाही, साहेब," मिस्त्री वडिलांकडे वळून म्हणाला. "दमट हवा, चार शिंतोडे हे इंजिन पचवतं. ते आवरण शिंतोड्यांसाठी चांगलं आहे. पण फिल्टर बुडाला की इंजिन नुसतं ओढतं, आणि ते ओढणं कुठलं कापड अडवणार?" झडपेबद्दल तो म्हणाला, ती बुडेपर्यंतच उपयोगाची. बाहेरून वर टपापर्यंत चढणारा, जीपगाड्यांना असतो तसा उंच पाइप लावला तर नाक वाचते. पण दारांतून पाणी आत येते, वायरिंग भिजते आणि छोटी गाडी तरंगायला लागते. नाक वर आहे म्हणून माणूस खोल पाण्यात शिरतो, हा त्यातला खरा धोका.

वडील इतका वेळ गप्प होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री ते फोर्टातल्या ऑफिसातून चालत निघून दुसऱ्या सकाळी घरी पोहोचले होते. बंद पडलेल्या गाड्यांच्या काचा उघडल्या नाहीत, दारे उघडली नाहीत, आणि आत बसलेली माणसे गुदमरून गेली. त्यांच्या सोसायटीच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ वडिलांच्या छातीशी येते. दोनदा रंग दिला, तरी ती कुठे होती ते त्यांना ठाऊक आहे.

"त्या पाण्याला कुठलंच नाक पुरत नाही," एवढेच ते म्हणाले.

मिस्त्रीने मग बोनेट उघडून जुन्या डब्यात हात घातला. आधीच्या मालकाच्या वेळी क्लिप तुटून डब्याचे तोंड खाली लोंबत होते. तळाचे पाणी निघून जायचे भोक पाल्याने बुजले होते. कागदी फिल्टर धुळीने काळा पडून वर ओल खाऊन फुगला होता. श्वास कोंडत होता तो इथे! नवी क्लिप, साफ केलेले भोक आणि मुलाच्या समाधानासाठी जुन्याच डब्यात बसणारा सुती जाळीचा धुता येणारा फिल्टर, एवढ्यावर काम झाले. सुती फिल्टरला तेल लावतात. ते जास्त झाले तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो तिथे त्यावर तेलाचा थर बसतो, म्हणून मिस्त्रीने तेल मोजूनच लावायला सांगितले.

उरलेल्या पैशांतून वडिलांनी विम्यात इंजिन-संरक्षणाचे वेगळे कलम घेतले. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारला आणि इंजिन गेले, तर साध्या पॉलिसीत ती भरपाई बहुधा नाकारतात. म्हणून मिस्त्रीची ताकीद आईने कागदावर लिहून गाडीच्या खणात ठेवली: "पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नये. ढकलावी."

जुलैतल्या एका डायलिसिसच्या दिवशी अंधेरी सबवेच्या तोंडाशी गाड्या थबकल्या होत्या. एक मोठी गाडी लाट उडवत आत शिरली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. समोरून एक माणूस पाण्यातून चालत येत होता. मुलगा त्याच्या पायांकडे बघत राहिला. पाणी गुडघ्याच्या वर होते.

"काय रे, थांबलास का?" मागून आजीने विचारले.

"पार्ल्याच्या पुलावरून जाऊ, आजी. अर्धा तास उशीर होईल. मी दवाखान्यात फोन करतो."

"कर. आणि काच वर घे, मला गार लागतंय."